प्राकृत विद्येचे थोर संघटक : डॉ. हिरालाल जैन

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदानाचा अर्थ शतकानुशतके एकच राहिला : पोथी लिहवून घ्यावी आणि ती भक्तिभावाने मंदिराच्या भांडारात ठेवावी. विसाव्या शतकात या दानाचा अर्थ विस्तारला. पोथी शोधणे, तिचा पाठ शुद्ध करणे, ती छापून जिज्ञासूंच्या हाती देणे, ती वाचू शकणारा विद्यार्थी घडविणे आणि हे सारे अखंड चालावे म्हणून संस्था उभी करणे, ही सर्व कामे शास्त्रदानात मोडू लागली. ज्या थोड्या विद्वानांनी हा पालट घडवून आणला त्यांत डॉ. हिरालाल जैन यांचे नाव अग्रभागी आहे. अमरावती आणि नागपूर ही त्यांची दीर्घ कर्मभूमी. षट्खंडागमाचे संपादक म्हणून समाज त्यांना ओळखतो. परंतु प्राकृत आणि जैनविद्येच्या अभ्यासासाठी बिहार शासनाने स्थापन केलेल्या वैशाली येथील संशोधन संस्थेचे ते पहिले संचालक होते आणि तेथे त्यांनी विदर्भात कमावलेले संघटनकौशल्य पणाला लावले, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

जन्म आणि शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मध्य प्रांतातील नरसिंहपूर जिल्ह्यातल्या गाडरवारा तहसिलीत गांगई या लहानशा खेड्यात हिरालालजींचा जन्म झाला. नर्मदेच्या खोऱ्यातील या भागात उच्च शिक्षणाच्या सोयी अल्प होत्या. गाडरवारा, नरसिंहपूर आणि जबलपूर अशा पायऱ्या चढत ते अलाहाबाद विद्यापीठात पोहोचले. तेथे त्यांनी संस्कृत विषयात एम. ए. आणि त्यासोबत कायद्याची पदवी संपादन केली. वकिलीचा मार्ग मोकळा असतानाही त्यांनी संशोधनाचा मार्ग निवडला. अपभ्रंश भाषेतील साहित्यासंबंधी त्यांचा निबंध १९२५ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या मराठी, हिंदी, गुजराती या भाषा यांना जोडणारा दुवा. त्या काळी विद्यापीठांत या भाषेचा परिचय असणारे प्राध्यापक मोजकेच होते आणि तिच्यातील बहुतेक ग्रंथ जैन भांडारांत हस्तलिखित रूपातच पडून होते.

अमरावती आणि कारंजा

१९२५ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून हिरालालजींची नियुक्ती झाली. हेच महाविद्यालय पुढे विदर्भ महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. अमरावतीहून कारंजा जवळ होते. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचा वारसा असलेल्या कारंजा नगरीतील ग्रंथभांडारे म्हणजे वऱ्हाडच्या जैन समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव होती. मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी बृहत्‌सूची रायबहादूर हिरालाल यांनी तयार केली आणि जी १९२६ मध्ये नागपुरात प्रसिद्ध झाली, तिच्यामुळे कारंजाचे हे धन विद्वज्जगताला प्रथम ठाऊक झाले. नामसाम्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो, पण हे रायबहादूर कटनीचे निराळे हिरालाल. तरुण प्राध्यापक हिरालाल जैन यांनी मात्र कारंजाच्या भांडारांतील जैन ग्रंथांचा प्रत्यक्ष अभ्यास केला आणि त्यांतील अपभ्रंश काव्यांचे महत्त्व ओळखले.

सूची झाली, पण सूचीने ग्रंथ वाचकांपर्यंत पोहोचत नाहीत. त्यासाठी द्रव्य हवे, मुद्रक हवा आणि संपादक हवा. कारंजा येथील चवरे परिवाराच्या औदार्यातून अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली आणि तिची धुरा हिरालालजींकडे आली. या मालेत डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये निघाले. त्यामागोमाग स्वतः हिरालालजींनी संपादिलेली 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ' आणि 'करकंडचरिउ' ही काव्ये १९३२ ते १९३४ या अल्प काळात प्रकाशित झाली. 'करकंडचरिउ' या काव्यात तेरापूरच्या लेण्यांचे वर्णन आहे. त्याचा धाराशिवच्या लेण्यांशी असलेला संबंध हिरालालजींनी प्रस्तावनेत उलगडून दाखविला आणि एका काव्यग्रंथातून महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे एक पान उजेडात आणले. यापूर्वीच, १९२८ मध्ये, माणिकचंद्र ग्रंथमालेसाठी त्यांनी श्रवणबेळगोळच्या शिलालेखांचा संग्रह सिद्ध केला होता. पोथी, शिलालेख, लेणी आणि लोकभाषा यांचा एकत्र विचार करण्याची जी दृष्टी पुढे वैशालीत उपयोगी पडली, तिचा पाया या दहा वर्षांत घातला गेला.

धवलेचे महत्कार्य

आचार्य धरसेनांकडून श्रुतज्ञान ग्रहण करून आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागमाची सूत्ररचना केली. त्यावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका बहात्तर हजार श्लोकप्रमाण आहे. या टीकेची समाप्ती इ. स. ८१६ मध्ये झाली, असा निर्णय हिरालालजींनी प्रशस्तीच्या आधारे केला. दिगंबर परंपरेचा हा मूलाधार ग्रंथ मूडबिद्रीच्या सिद्धांत वसदीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत सुरक्षित होता. यात्रेकरूंना त्याचे दर्शन घडे, वाचन मात्र कोणालाच घडत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची प्रतिलिपी करण्याचे काम सुरू झाले. ते काम करणाऱ्या गजपती उपाध्यायांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने एक खासगी प्रतही तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तेथून नागरी प्रती अमरावती, कारंजा, आरा इत्यादी ठिकाणी गेल्या.

या प्रतींवरून ग्रंथ छापण्यासाठी विदिशेचे श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्र यांनी दान दिले आणि जैन साहित्योद्धारक फंडाची स्थापना झाली. संपादनाचे प्रमुखपद हिरालालजींकडे आले. हे काम एकट्याच्या आवाक्यातील नव्हते, हे त्यांनी प्रारंभीच जाणले. पं. फूलचंद्र, पं. हिरालाल आणि पं. बालचंद्र हे सिद्धांतशास्त्री त्यांच्या संपादक मंडळात होते. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य त्यांना सतत लाभले. एका बाजूस गोम्मटसारादी ग्रंथ मुखोद्गत असणारे पंडित आणि दुसऱ्या बाजूस पाठभेदांची आधुनिक शिस्त जाणणारे प्राध्यापक, अशा दोन निराळ्या शिक्षणपद्धतींच्या माणसांना एका मेजाभोवती बसविणे हे त्यांच्या संघटनशक्तीचे पहिले मोठे यश होय. प्राकृत मूळ, हिंदी अनुवाद, टिपा, परिशिष्टे आणि विस्तृत प्रस्तावना अशी ग्रंथाची रचना ठरली. १९३९ मध्ये पहिला भाग अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. चौथ्या भागात धवलेतील गणितावर लखनौचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा लेख समाविष्ट करण्यात आला. गणिताचा प्रश्न गणितज्ञाकडे सोपवावा, एवढी मोकळी दृष्टी या योजनेत होती.

एका शब्दाची कसोटी

पहिल्या भागाच्या संपादनात एक असा प्रसंग आला की ज्यात संपादकाची सत्यनिष्ठा आणि समाजाचे धैर्य या दोहोंची परीक्षा झाली. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात मनुष्यिनींच्या गुणस्थानांचा विचार आहे. उपलब्ध प्रतींमध्ये तेथे 'संजद' हा शब्द नव्हता. धवला टीकेतील चर्चेचा ओघ पाहता तो शब्द मुळात असला पाहिजे, असे संपादकांना दिसले. त्यांनी मूळ पाठात परस्पर भर घातली नाही, तळटीपेत मात्र आपले मत नोंदविले. शब्द एकच, पण त्याचा संबंध स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाशी, म्हणजे दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांमधील प्रमुख मतभेदाशी होता. त्यामुळे समाजात मोठे वादळ उठले.

पुढील भागांच्या वेळी मूडबिद्रीच्या व्यवस्थापकांनी उदारपणे मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय करून दिली, तेव्हा तो शब्द ताडपत्रांत असल्याचे आढळले. तरीही वाद शमला नाही. सूत्रातील मनुष्यिनी ही भाववेदाच्या दृष्टीने समजावी, असे स्पष्टीकरण करून अनेक मान्यवर पंडितांनी तो पाठ स्वीकारला. काहींनी अखेरपर्यंत विरोध केला. १९४४ च्या सुमारास हिरालालजींनी दोन्ही संप्रदायांतील मतभेदांसंबंधी आपले विचार विद्वत्परिषदेत मांडले, तेव्हा विरोधाची धार आणखी वाढली. त्यांच्या मतांच्या खंडनार्थ 'दिगंबर जैन सिद्धांत दर्पण' या नावाने ग्रंथही प्रसिद्ध झाले.

या प्रसंगाकडे आज शांतपणे पाहता दोन गोष्टी मनावर ठसतात. हिरालालजींच्या वैयक्तिक मतांशी सहमत असणे आवश्यक नव्हते आणि अनेक सहकारी सहमत नव्हतेही. परंतु ग्रंथाचा पाठ कोणाच्या मताप्रमाणे ठरणार नाही, तो पुराव्यावरूनच ठरेल, ही मर्यादा त्यांनी स्वतःसाठी आणि विरोधकांसाठीही सारखीच पाळली. दुसरी गोष्ट समाजाच्या गौरवाची आहे. एवढा तीव्र मतभेद होऊनही प्रकाशन थांबले नाही. ग्रंथ छापले गेले, विकत घेतले गेले, स्वाध्यायात वाचले गेले. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने या ग्रंथाच्या संशोधित आवृत्त्याही काढल्या. अनेकांतवादाचा उच्चार करणाऱ्या समाजाने त्याचे आचरणही करून दाखविले.

नागपुरातील वर्षे

चाळिशीच्या दशकाच्या मध्यास हिरालालजी नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात आले. १८८५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय पुढे नागपूर महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाकाटकविषयक संशोधनामुळे नागपूर हे प्राच्यविद्येचे मान्यताप्राप्त केंद्र झाले होते. त्याच नगरात हिरालालजींनी संस्कृतसोबत पाली आणि प्राकृत यांच्या अध्यापनाला बळ दिले. धवलेचे पुढचे भाग महाविद्यालयाचे काम सांभाळूनच सिद्ध झाले.

याच काळात त्यांचा व्याप विदर्भाबाहेर पसरला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे आणि १९४४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी ग्रंथमालेचे प्रधान संपादकत्व डॉ. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन या जोडीने सांभाळले. दोघांनी मिळून 'तिलोयपण्णत्ती' या ग्रंथाचे दोन भाग १९४३ आणि १९५१ मध्ये प्रकाशित केले. नागपूरचे विद्वान डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा मौलिक ग्रंथ १९५८ मध्ये जीवराज ग्रंथमालेतच निघाला. प्रधान संपादकाचे काम बाहेरून दिसत नाही. कोणता ग्रंथ आधी घ्यावा, तो कोणाकडे सोपवावा, दात्याच्या इच्छेचा मान राखून शास्त्रीय शिस्त कशी सांभाळावी, हे सारे त्यालाच पाहावे लागते. एक ग्रंथ उत्तम संपादणारे विद्वान पुष्कळ असतात. इतरांकडून अनेक उत्तम ग्रंथ करवून घेणारे विरळा. हिरालालजी दुसऱ्या वर्गातले होते.

वैशालीचे संचालकपद

भगवान महावीरांची जन्मभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वैशालीच्या पुनरुत्थानाची चळवळ १९४५ मध्ये वैशाली संघाच्या स्थापनेने सुरू झाली. हाजीपूरचे तत्कालीन प्रशासकीय अधिकारी आणि हिंदीतील प्रसिद्ध नाटककार जगदीशचंद्र माथुर हे तिचे प्रमुख प्रेरक होते. दरवर्षी महावीर जयंतीला तेथे महोत्सव भरू लागला. बासोकुंड येथील ग्रामस्थांनी महावीरांचे जन्मस्थान मानून एक भूखंड पिढ्यान्‌पिढ्या न नांगरता राखला होता. आसपास जैनांची वस्ती नसतानाही त्यांनी ही श्रद्धा जतन केली, हे विशेष.

स्वातंत्र्यानंतर बिहार शासनाने प्राचीन विद्येच्या संस्थांची एक मालिकाच उभारली : संस्कृतसाठी दरभंगा, पालीसाठी नालंदा, इतिहासासाठी पाटणा. त्याच मालिकेत प्राकृत आणि जैनविद्येसाठी वैशालीची योजना झाली. साहू शांतिप्रसाद जैन यांनी तीसाठी मोठी देणगी दिली. १९५५ मध्ये संस्थेचे कार्य सुरू झाले आणि पहिले संचालक म्हणून नागपूरच्या डॉ. हिरालाल जैन यांना पाचारण करण्यात आले. २३ एप्रिल १९५६ रोजी, महावीर जयंतीच्या पर्वावर, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते वैशाली येथे शिलान्यास झाला.

संचालकपदाची ही जबाबदारी सोपी नव्हती. वैशालीत वास्तू उभी राहीपर्यंत संस्थेचे कामकाज मुजफ्फरपूर येथूनच चालवावे लागले. ग्रंथालय शून्यातून उभे करायचे होते. संस्था शासनाची, पदव्या विद्यापीठाच्या आणि वास्तूसाठी देणगी समाजाची, अशी तिहेरी रचना होती. शासनाला नियम आणि हिशेब हवे असतात, विद्यापीठाला अभ्यासक्रम आणि परीक्षा हव्या असतात, तर समाजाला आपल्या धर्माची प्रभावना हवी असते. या तिन्ही अपेक्षा रास्त असल्या तरी त्यांचा मेळ आपोआप बसत नाही. शिवाय उत्तर बिहारमध्ये जैन कुटुंबे अत्यल्प होती. तेव्हा संस्थेला धार्मिक पाठशाळेचे रूप देऊन चालणार नव्हते. कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला येथे येऊन प्राकृत शिकावेसे वाटले पाहिजे, तरच ती टिकणार होती.

हिरालालजींचा पूर्वानुभव येथे फळास आला. धवलेच्या कामात त्यांनी दाते, पंडित आणि प्राध्यापक यांना एकत्र बांधले होते. पाठशुद्धीच्या बाबतीत श्रद्धा आणि पुरावा यांच्या मर्यादाही आखून दिल्या होत्या. वैशालीतही भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान आणि इतिहास या अंगांनी मगध-विदेहाच्या प्राचीन श्रमण संस्कृतीचा अभ्यास व्हावा, हीच दिशा राहिली. प्राकृत व जैनविद्येत एम. ए. चे अध्यापन आणि पीएच. डी. चे संशोधन तेथे सुरू झाले. संस्थेने पुढे प्रकाशित केलेले हरिभद्राच्या कथासाहित्यावरील आणि 'पउमचरिय' या प्राकृत रामकथेवरील प्रबंध याच परंपरेची फळे आहेत. स्वतः हिरालालजींनी संपादिलेले नयनंदीचे 'सुदंसणचरिउ' १९७० मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केले. त्यांच्यानंतर डॉ. नथमल टाटिया यांनी संचालकपद सांभाळले आणि संस्था वैशालीच्या स्वतःच्या वास्तूत स्थिरावली. पहिला संचालक गेल्यावरही संस्था चालत राहते, हेच त्या संचालकाच्या कार्याचे प्रमाणपत्र होय.

अखेरचे पर्व

साठच्या दशकाच्या प्रारंभी हिरालालजी जबलपूर विद्यापीठात संस्कृत, पाली व प्राकृत विभागाचे प्रमुख झाले. १९६२ मध्ये त्यांचा 'भारतीय संस्कृति में जैन धर्म का योगदान' हा व्याख्यानग्रंथ भोपाळहून प्रसिद्ध झाला. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि कला या चार अंगांनी जैन परंपरेचा परिचय करून देणारा हा ग्रंथ आजही अभ्यासकांना मार्गदर्शक ठरतो. १९६६ मध्ये ज्ञानपीठाने प्रसिद्ध केलेल्या 'सुगंधदशमी कथा' या ग्रंथात त्यांनी अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतील रूपे एकत्र दिली. त्यातील मराठी कथा जिनसागरांची असून नागपूरच्या सेनगण मंदिरातील सचित्र पोथीमुळे ती विशेष प्रसिद्ध झाली. भाद्रपदातील व्रताच्या वेळी घरोघरी सांगितली जाणारी कथा अशा रीतीने भाषांच्या इतिहासाचे साधन बनली. १९७३ मध्ये त्यांचे देहावसान झाले. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीसाठी त्यांनी सिद्ध केलेला 'वीरजिणिंदचरिउ' हा ग्रंथ १९७४ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला.

डॉ. हिरालाल जैन यांच्या जीवनातून धार्मिक न्यासांनी घ्यावा असा बोध स्पष्ट आहे. भांडारातील पोथी सुरक्षित असणे पुरेसे नाही, ती वाचता येणारी माणसे असली पाहिजेत. माणसे तयार होण्यासाठी शिष्यवृत्ती, ग्रंथालय आणि अध्यापक लागतात. हे सर्व टिकण्यासाठी चोख व्यवहार आणि निर्भय विद्वत्ता यांची सांगड घालणारा कार्यवाह लागतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा योग आनंददायी असला तरी त्याचे सार्थक घोषणेने होणार नाही. विदर्भातील मंदिरांमध्ये आजही हस्तलिखिते आहेत. त्यांची सूची व्हावी, त्यांचे जतन व्हावे आणि या नगरातील दोन-चार युवक-युवतींनी तरी प्राकृत शिकून ती वाचावीत, हीच या ज्ञानतपस्व्यास खरी विनयांजली ठरेल.